देठ, चीक आणि केशरच्या बारा पेट्या : बडोद्यातलं एक प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी केशर आंब्याच्या १२ पेट्या उतरल्या. भाच्याची बाग डभोईच्या बाजूला आहे. बाजारात माल देण्याआधी तो घरच्या माणसांसाठी थोडा आंबा बाजूला काढतो, आणि दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागरच्या आसपासच्या आपल्या मराठी घरांत तो पोचवायचं काम माझ्याकडे असतं. आंबा कच्चाच येतो. ज्याने त्याने कॉटखाली पेंढा पसरून आढी लावायची, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची पद्धत.

सहाव्या दिवशी सकाळी पहिला फोन आला. "काकू, आंबा अजून रंगालाही आला नाही आणि देठाकडून काळा पडतोय." संध्याकाळपर्यंत असे चार फोन झाले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, की एकही फळ टाकू नका, मी येते. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं असल्यामुळे सडलेलं फळ मला फेकायच्या आधी बघायचं असतं.

दोन दिवस घरोघरी जाऊन आढ्या उपसल्या. खराब फळाची खूण सगळीकडे सारखी होती. देठाच्या खाचेभोवती चहा सांडल्यासारखं तपकिरी कडं, त्यावर बोट दाबलं की साल आत जायची, आणि आंबूस वास. आज सकाळी रुपयाएवढं असलेलं कडं उद्या आंब्याच्या खांद्यावर उतरलेलं असायचं. ही देठकूज. काही फळांच्या गालावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे, किंचित खोलगट ठिपके होते, तो करपा. करपा थोडाफार सगळ्याच पेट्यांत सापडला. देठकूज मात्र सगळीकडे नव्हती.

भाचा पेटीवर खडूने रेघ मारतो. पहिल्या दिवशी उतरवलेल्या मालाला एक रेघ, दुसऱ्या दिवशीच्या मालाला दोन. तक्रार आलेली प्रत्येक पेटी दोन रेघांची निघाली. एका पेटीत साधारण ४० फळं. आठव्या दिवशी दोन रेघांच्या सहा पेट्यांत निम्म्याच्या आसपास फळं देठाकडून गेलेली होती, आणि एका रेघेच्या पेट्यांत दर पेटीला तीन-चार. झाडं तीच, फवारणी तीच, टेम्पो तोच.

भाच्याला फोन लावला. "दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलंत?" तो जरा थांबून म्हणाला, "मावशी, आभाळ भरून आलं होतं. कापत बसलो असतो तर अर्धा माल झाडावरच राहिला असता. म्हणून देठ मोडून घेतले. चिकाचे डाग पडले तर बाजारात भाव पाडतात, म्हणून फळं पोत्यावर उलटी ठेवून चीक गाळला आणि हौदात धुवून घेतली. तुला सांगू, दिसायला तोच माल छान होता!"

ते खरंच होतं. पेट्या उघडल्या तेव्हा दोन रेघांचा आंबा स्वच्छ, तुकतुकीत होता. एका रेघेच्या आंब्याला दोन बोटं देठ, आणि कुठे कुठे वाळक्या चिकाचा ओघळ. मीही त्या वेळी मनात म्हटलं होतं, की दुसरा माल जास्त नीट हाताळलेला दिसतोय.

आंब्याला देठ जिथे मिळतो तिथे एक सांधा असतो. पिकलेला आंबा आपोआप गळतो तो तिथूनच. या सांध्याच्या वर थोडा देठ राखून कात्री लावली तर चीक जेमतेम येतो. सांध्यातून मोडलं तर पहिल्या काही सेकंदांत पिचकारी उडते आणि नंतर बराच वेळ तो झिरपत राहतो. सालीत चिकाच्या बारीक नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं, आणि कच्च्या फळात ते दाबाखाली भरलेलं असतं. देठ मोडणं म्हणजे या जाळ्याची तोटी उघडी टाकणं. कोकणात आंबा देठासकट उतरवण्यावर इतका भर का, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने देठ कापून फळ जाळीत घेणारा नूतन झेला का तयार केला, याचं एक कारण इथे आहे. आमच्याकडे 'आंबो वेडवो' म्हणतात, म्हणजे जाळीच्या काठीने आंबा उतरवणं, पण घाईत काठीचा झटका देठ मोडूनच घेतो.

मला चीक जवळून बघायचा होता. भाच्याकडे झाडावर उरलेली काही फळं होती. पहाटे तिकडे जाऊन २० फळांचे देठ मोडले आणि पिचकारी औषधाच्या काचेच्या बाटलीत धरली. पहाटेच, कारण तेव्हा चीक जास्त येतो. बाटली तासभर तशीच ठेवली. आधी सगळं दुधाळ, पांढरट दिसत होतं. मग हळूहळू दोन थर झाले. वर पिवळसर, तेलकट, टर्पेंटाइनच्या आणि कैरीच्या मधला असा उग्र वास असलेला. खाली पातळ, गढूळ, पाण्यासारखा. वरच्या थराचा एक थेंब मनगटाला लागला, तो चार दिवस चुरचुरत होता. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा उततो तसाच आंब्याचा चीकही कुणाकुणाला उततो.

वरच्या तेलात टर्पीन आणि रिसॉर्सिनॉल जातीची रसायनं असतात. त्वचा जाळणारी तीच आणि बुरशीला मारकही तीच. खालच्या पाणीदार थरात प्रथिनं असतात, आणि त्यांत कायटिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. श्रीलंकेत पेराडेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आंब्याच्या चिकावर मन लावून काम केलं आहे. चिकातलं कायटिनेज करप्याच्या बुरशीचे बीजाणू विरघळवतं, आणि चीक फळात राहू दिला तर करपा आणि देठकूज दोन्ही कमी होतात, असं त्यांना आढळलं. भाच्याच्या हौदाचं पाणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. आपण घाण समजून जे धुतलं ते फळाने स्वतःसाठी साठवलेलं होतं.

हे विकर करतं काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग तो वाटतो. बुरशीच्या धाग्याच्या भिंतीत कायटिन असतं. झिंग्याच्या, खेकड्याच्या, झुरळाच्या कवचात असतं तेच. झाडाच्या अंगात कायटिन कुठेच नसतं, झाडाची भिंत सेल्युलोज आणि पेक्टिनची. त्यामुळे कायटिन तोडणारं विकर झाड निर्धास्तपणे अंगात बाळगू शकतं, त्याची स्वतःची भिंत त्याने ढासळत नाही. बुरशीचा धागा टोकाकडून वाढतो आणि टोकाची भिंत नुकती बांधलेली, कोवळी असते. घाव तिथे बसतो. १९८६ साली घेवड्याच्या पानांतून शुद्ध केलेल्या कायटिनेजने बुरशीची वाढ थांबते हे दाखवलं गेलं. १९८८ साली वाटाण्याच्या शेंगांवरच्या कामातून पुढची गोष्ट कळली. कायटिनेज एकटं असलं तर कित्येक बुरशींवर चालत नाही, पण ग्लुकॅनेज या दुसऱ्या विकराची जोड मिळाली की चालतं. बुरशीच्या भिंतीत कायटिनच्या जोडीला ग्लुकॅन असतं. एकाने कायटिन तोडायचं, दुसऱ्याने ग्लुकॅन.

शिवाय तुटलेले तुकडे वाया जात नाहीत. कायटिनचे तुकडे ओळखणारे ग्राही झाडाच्या पेशींवर असतात. तुकडा चिकटला की पेशीला कळतं, बुरशी आली, आणि ती आणखी प्रथिनं बनवायला घेते. अशा, हल्ल्यानंतर वाढणाऱ्या प्रथिनांचा पहिला सुगावा १९७०मध्ये तंबाखूच्या विषाणूबाधित पानांत लागला. आज त्यांची १७ कुळं मानली जातात. कायटिनेज आणि ग्लुकॅनेज त्यांतलीच. आणखी एक कुळ थॉमॅटिनसारख्या प्रथिनांचं. थॉमॅटिन हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळातलं कमालीचं गोड प्रथिन. त्याची ही भावंडं गोड नसतात, पण त्यांतली बरीच बुरशीशी लढतात. द्राक्ष पिकताना त्यात ही प्रथिनं आणि कायटिनेज वाढत जातात, आणि ती इतकी चिवट असतात की आंबवण्याच्या प्रक्रियेतूनही टिकतात. पांढरी वाइन नंतर गढूळ होते ती त्यांच्यामुळे. म्हणून वाइन करणारे त्यात बेंटोनाइट ही माती घालून ती खाली बसवतात. बेंटोनाइटच्या खाणी आमच्या कच्छमध्येच आहेत.

बुरशीही रिकाम्या हाताने येत नाही. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन, ज्याच्यामुळे पेरूची जेली जमते, ते तोडणारं विकर ती सोडते. त्याला अडवणारी प्रथिनं झाडाच्या पेशीभित्तीत आधीच बसलेली असतात. १९७१मध्ये अल्बरशाइम आणि अँडरसन यांनी ती घेवडा, टोमॅटो वगैरेंच्या भित्तीतून वेगळी काढली. हे प्रथिन बुरशीच्या विकराला घट्ट धरतं आणि त्याचा वेग कमी करतं. वेग कमी झाला की पेक्टिनचे तुकडे लहान न होता लांब राहतात, आणि लांब तुकडेच पेशीला धोक्याची वर्दी देतात. नासपतीत हे प्रथिन भरपूर. २०००मध्ये नासपतीचं हे जनुक घातलेल्या टोमॅटोवर राखाडी बुरशी सोडून बघितली गेली. लागण झाली, पण पसरण्याचा वेग मंदावला. मला हा निकाल आवडतो, कारण फळाला बऱ्याचदा एवढंच हवं असतं. आणखी चार दिवस.

मग पिकलेला आंबा का सडतो, हे शेजारच्या वहिनींनी विचारलं आणि प्रश्न अगदी नेमका होता. करप्याचा बीजाणू पावसाच्या थेंबाबरोबर फळावर येतो तेव्हा फळ सुपारीएवढंही असू शकतं. तो रुजतो, सालीला चिकटणारी काळसर गाठ तयार करतो, सालीच्या वरच्या थरात शिरतो आणि तिथेच थांबतो. कच्च्या फळातली रसायनं आणि प्रथिनं त्याला पुढे जाऊ देत नाहीत. आंबा पिकायला लागला की रिसॉर्सिनॉलं ओसरतात, चीक आटतो, गर मऊ होतो, साखर वाढते. मे महिन्यात न दिसलेला करपा जूनमध्ये अचानक दिसतो तो असा. देठकुजीची बुरशी तर पुष्कळदा देठाच्या आतच काही न करता राहत असते. म्हणजे देठ ठेवला म्हणून ती बुरशी बाहेर राहिली, असं नव्हे. चीक आणि सालीतली रसायनं तिला रोखून धरतात, आणि सांधा मोडून झालेली ओली जखम तिला रस्ता देते.

इथे मला स्वतःलाच थांबवायला लागलं. दोन रेघांच्या पेट्यांत फक्त एकच गोष्ट बदलली होती असं नव्हतं. देठ मोडला होता, चीक गाळला होता आणि आंबा हौदात धुतला होता. दिवसभर तेच पाणी वापरलेल्या हौदात एका सडक्या फळाचे बीजाणू पुढच्या शंभर फळांच्या ओल्या जखमेत जातात. दोष चीक गेल्याचा, जखमेचा की पाण्याचा, हे त्या १२ पेट्या सांगू शकत नव्हत्या.

म्हणून यंदा भाच्याला म्हटलं, एका झाडाच्या चार पेट्या मला दे, मी सांगेन तशा उतरवून. तो तयार झाला, मजूर मात्र कुरकुरले. "बेन, डींटुं राखवामां वार लागे," म्हणजे देठ राखायला वेळ लागतो, असं त्यांतले एक काका म्हणाले, आणि ते चूक नव्हतं. पहिल्या पेटीला कात्रीने दोन बोटं देठ राखला. दुसरीत देठ मोडून, फळं उलटी ठेवून चीक गाळला, पण पाणी लावलं नाही. तिसरी गाळून हौदात धुतली. चौथी गाळली, आणि घरी आणून मोठ्या पातेल्यात ५२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली. ५२ अंशांचा हा उपाय करप्यासाठी आपल्याकडे सुचवला जातोच. त्याला तापमापक हवाच. हाताने अंदाज घ्यायला गेलं तर आंबा शिजतो.

हौदात धुतलेली पेटी सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट गेली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या नुकसानीचा मोठा वाटा हौदाचा होता असं मी आता मानते. पण पाणी न लावलेली दुसरी पेटीही देठाची पेटी टिकली तशी टिकली नाही. तिच्यात देठकूज दोन-तीन दिवस आधी दिसली आणि जास्त फळांवर दिसली. गरम पाण्याची पेटी चांगली राहिली, फक्त तिला रंग लवकर आला. देठाच्या पेटीत नवव्या दिवशी ४० पैकी दोनच फळं गेली. त्यातलं एक देठकुजीने नव्हे, शेजारच्या आंब्याचा देठ टोचून गेलं. हे टोचणं खरी अडचण आहे. लांब देठ पेटीत दुसऱ्याच्या सालीला भोक पाडतो आणि मग सगळा राखलेला चीक कामाचा नाही. दोन बोटांऐवजी एक सेंटिमीटर देठ पुरतो, आणि दोन थरांत वर्तमानपत्राची घडी घालायला हवी.

देठ राखल्याने फायदा झाला, एवढं या पेट्यांवरून मी म्हणू शकते. त्यातला किती वाटा प्रथिनांचा, किती तेलकट थरातल्या रसायनांचा आणि किती केवळ जखम न होण्याचा, हे पातेलं आणि पेंढ्यातून वेगळं काढता येत नाही. एका बागेतल्या एका झाडावरून सगळ्या केशरबद्दल बोलणंही योग्य नव्हे.

भाच्याचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता. "मावशी, मग हे प्रोटीनच बाटलीत भरून फवारता नाही येणार?" येतं, आणि एक उदाहरण बाजारात आहे. ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या बियांना मोड आल्यावर त्यांच्या दलांत ब्लॅड नावाचा प्रथिनाचा तुकडा तयार होतो. तो कायटिनला चिकटतो आणि बुरशीला मारतो. त्यापासून केलेलं बुरशीनाशक अमेरिकेत द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटोवर वापरायला मंजूर आहे. दुसरी वाट कायटोसानची. झिंग्याच्या कवचापासून काढलेल्या या पदार्थाचा पातळ लेप फळावर दिला की फळाला बुरशी आल्यासारखं वाटतं आणि ते स्वतःच कायटिनेज, ग्लुकॅनेज वाढवतं.

पण त्याला मी अडचणीही सांगितल्या. प्रथिनाचा रेणू मोठा, सालीवरच्या मेणातून आत जात नाही. जिथे पडेल तिथेच काम करतो, आणि ऊन-पावसाने जातो. कायटिनेज सगळ्या रोगांवर चालत नाही. पपई कुजवणाऱ्या फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या जीवाच्या भिंतीत मुख्यत्वे ग्लुकॅन आणि सेल्युलोज असतं, तिथे तोडायला कायटिनच नाही. आणि काही माणसांना ही प्रथिनं सोसत नाहीत. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांना केळं किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावर ओठ सुजणं, घसा खाजणं असा त्रास होतो, कारण या फळांतलं कायटिनेज रबराच्या चिकातल्या प्रथिनासारखं दिसतं. ज्या जनुकाने फळ जास्त टिकेल ते जनुक वाढवताना हे तपासावंच लागेल. या बाबतीत घाई करू नये असं माझं ठाम मत आहे.

भाच्याने बाटलीचा नाद सोडला आणि लांब दांड्याच्या चार कात्र्या आणल्या. मजुरांशी पेटीमागे वेगळी मजुरी ठरली, कारण देठ राखायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांचा आहे. हौद बंद केला. पुसायचंच असेल तर कोरड्या फडक्याने. देठासकट आंबा काही व्यापारी अजून नाक मुरडून घेतात, पण ज्या घरांत गेल्या वर्षी आढी फेकावी लागली तिथून आता फोन येतो तो "देठवाली पेटी द्या" असा.

आता राजापुरीची दोन झाडं उरली आहेत, मुरांब्याची. तिचा देठ जाड, चीक केशरपेक्षा कितीतरी जास्त, आणि फळ इतकं जड की काठीच्या झटक्याने नेहमी सांध्यातूनच मोडतं. यंदा तिला फळ कमी लागलं. पुढच्या मोसमासाठी भाच्याने त्या दोन्ही झाडांना लाल चिंधी बांधून ठेवली आहे, म्हणजे काठी घेऊन कुणी तिकडे जाणार नाही.